फियामे नाओमी माताआफा : मताई असल्याशिवाय निवडणुकीला उभं राहता येत नाही, मग ही लोकशाही कशी काय?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. सध्या पॅसिफिकमधल्या छोट्या देशांच्या राजकारणावर वाचन चालू आहे आणि सामोआच्या फियामे नाओमी माताआफा यांच्यापाशी येऊन अडकलेय. २०२१ ते २०२५ त्या तिथल्या पंतप्रधान होत्या, देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. निवडणूक झाल्यावर त्यांना संसदेत जाऊच दिलं नाही, दाराला कुलूप, मग त्यांनी बाहेर हिरवळीवर तंबू टाकून तिथेच शपथ घेतली, हे आपल्याकडच्या बातम्यांत पण आलं होतं, काहींना आठवत असेल.

तर माझा प्रश्न असा आहे की जिथे बघावं तिथे त्यांच्याबद्दल लोकशाहीसाठी उभी राहिलेली बाई असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून छानही वाटतं, पण दुसरीकडे त्या स्वतः मताई आहेत म्हणजे घराण्याच्या प्रमुख, वडील देशाचे पहिले पंतप्रधान, आई खासदार, आणि त्या देशात नियमच असा की मताई असल्याशिवाय संसदेच्या निवडणुकीला उभंच राहता येत नाही. म्हणजे साध्या माणसाने फक्त मत द्यायचं? आपल्याकडे १९६२ साली कायदा करून वंशपरंपरेची पाटीलकी काढून टाकली, आणि नेमका त्याच वर्षी सामोआ स्वतंत्र झाला तो मात्र मताई पद्धत राज्यघटनेत घेऊन. मग फियामेंना नक्की काय म्हणायचं, जुन्या व्यवस्थेच्या प्रतिनिधी की लोकशाहीवाल्या? ज्यांना या भागाची माहिती आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज. दोन ओळींचं उत्तर नको, वेळ काढून वाचेन.

ऑकलंडकर

मृण्मयीताई, चांगला धागा काढलात. मी बरीच वर्षं ऑकलंडमध्ये आहे, इथे सामोअन लोक भरपूर, आमच्या कामावर तर अर्धी शिफ्ट सामोअन आणि टोंगन, त्यामुळे मताई हा प्रकार पुस्तकाच्या आधी माणसांमधून कळला.

पाटीलकीशी तुलना पहिल्यांदा सुचते हे खरं पण ती फार पुढे जात नाही. पाटीलकी सरकारदरबारातून यायची, वसुलीशी बांधलेली होती आणि बापाकडून मुलाकडे जायची. मताईचं तसं नाही. तिथे आइंगा म्हणजे मोठं विस्तारित कुटुंब असतं, त्यात शेकडो माणसं असू शकतात, आणि त्या कुटुंबाकडे एक किंवा जास्त पदव्या, म्हणजे मताईपदाची मानाची नावं, असतात. पदवीधारक वारला की सगळ्या शाखा एकत्र बसतात आणि पुढचा कोण ते ठरवतात. थोरला मुलगाच हवा असं नाही, पुतण्या चालतो, भाचा चालतो, जावई सुद्धा झालेले आहेत, मुलगी पण होऊ शकते. ज्याने घराची सेवा केली, लग्न-मयताला उभा राहिला, पैसे पाठवले, चर्चचं काम केलं त्याचं नाव पुढे येतं. एकच पदवी भावाभावांत वाटून एकाच वेळी चार-पाच जणांना दिली असंही होतं. आणि वागला नाही नीट तर कुटुंब पदवी काढूनही घेऊ शकतं. आमच्या इथला एक सुपरवायझर मताई आहे, दिवसभर फोर्कलिफ्ट चालवतो आणि सुट्टी काढून गावी जातो तेव्हा गावच्या सभेत त्याची बसायची जागा ठरलेली असते. पगारातला मोठा वाटा तिकडेच जातो, कुणाचं छप्पर, कुणाची फी, चर्चची वर्गणी, आणि याबद्दल तो तक्रार करत नाही, हे माझं कामच आहे म्हणतो.

मताईंमध्ये पण दोन प्रकार असतात. एक आलिई, म्हणजे मानाचा प्रमुख, आणि दुसरा तुलाफाले, म्हणजे त्याच्या वतीने बोलणारा वक्ता. सभेत बोलायचं काम तुलाफालेचं, हातात काठी आणि खांद्यावर झुबका घेऊन उभा राहतो आणि जुन्या वंशावळी तोंडपाठ म्हणतो. गावाचा कारभार या सगळ्या मताईंच्या सभेत चालतो, तिला फोनो म्हणतात. देशातली सुमारे ८० टक्के जमीन परंपरागत मालकीची आहे म्हणजे ती कुटुंबाची, मताई फक्त तिचा सांभाळ करणारा, ती विकता येत नाही. याच्यामुळेच परक्यांनी जमिनी घेऊन सगळा देश गिळला असं तिथे झालं नाही, हवाईचं काय झालं ते बघा म्हणजे लक्षात येईल.

म्हणजे सगळं छान आहे का? तर नाही. बायकांचं प्रमाण फार कमी आहे, काही गावं तर बाईला मताई म्हणून सभेत बसूच देत नाहीत. गावची सभा कुणालाही दंड करू शकते, गावातून हाकलून सुद्धा देऊ शकते, आणि ते घडतं. आणि १९६२ ते १९९० पर्यंत तर उभं राहणं सोडा, मत द्यायचा अधिकारही जवळपास फक्त मताईंनाच होता. १९९० ला सार्वमत घेतलं आणि मग १९९१ च्या निवडणुकीपासून २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. उमेदवार मात्र मताईच. त्यात अजून एक अट आहे जी बाहेरच्यांना माहीतच नसते, मोनोतांगा, म्हणजे उमेदवाराने आपल्या गावाची ठरलेली सेवा सलग तीन वर्षं केलेली पाहिजे. नुसती पदवी घेऊन परदेशात बसला असाल तर नाही चालत. निवडणुकीनंतर कोर्टात जेवढ्या केसेस जातात त्यातल्या कितीतरी याच मुद्द्यावर असतात की ह्याने मोनोतांगा केलाच नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की साधा माणूस मताई होऊ शकतो, आणि देशात मताई हजारोंनी आहेत. पण हो, साधी बाई मताई होणं अवघड आहे. फियामे ज्या काळात झाल्या त्या काळात तर फारच.

वकील_साताराकर

ऑकलंडकरांनी पाया चांगला घातला. मी फियामेंबद्दल लिहितो कारण २०२१ च्या केसेस मी तेव्हा निकाल लागेल तसे वाचत होतो, आणि घटनात्मक कायद्यात रस असणाऱ्या कुणीही त्या वाचाव्यात अशा आहेत.

आधी घराणं. सामोआ १९०० पासून जर्मनांकडे होता, १९१४ ला महायुद्ध सुरू झाल्यावर न्यूझीलंडने ताबा घेतला. १९१८ साली नोव्हेंबरमध्ये ऑकलंडहून तालुने नावाची बोट आपियाला, म्हणजे राजधानीला आली, तिच्यावर इन्फ्लुएन्झाचे पेशंट होते, आणि तरी माणसं उतरू दिली. लोकसंख्येचा पाचवा हिस्सा, साधारण साडेआठ हजार माणसं, काही आठवड्यांत गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत कडक क्वारंटाइन होतं तिथे एकही मेला नाही. हा राग लोकांच्या मनातून गेला नाही आणि त्यातून पुढे माउ नावाची चळवळ जोरात आली, पूर्ण अहिंसक, घोषणा 'सामोआ सामोअनांचा'. २८ डिसेंबर १९२९ ला आपियात त्यांच्या मोर्चावर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माउचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे मारले गेले. जाताना त्यांनी आपल्या लोकांना शांत राहायला सांगितलं आणि लोक शांत राहिले. पुरुष रानात पांगले तेव्हा बायकांनी चळवळ चालवली. तामासेसेंच्या नंतर माउचं नेतृत्व ज्यांच्याकडे आलं ते माताआफा फाउमुइना, म्हणजे नाओमींचे आजोबा.

नाओमींचे वडील फियामे माताआफा फाउमुइना मुलिनुउ दुसरे १९५९ ला पंतप्रधान झाले, देश स्वतंत्र झाला तेव्हाही तेच, आणि मधली काही वर्षं सोडली तर १९७५ ला मृत्यू होईपर्यंत तेच होते. आईचे वडील ले मामेआ मातातुमुआ अता हे राज्यघटना बनवणाऱ्यांपैकी. आई लाआउलु फेताउइमालेमाउ या संसदेत निवडून आलेल्या दुसऱ्या महिला, नंतर न्यूझीलंडमध्ये हाय कमिशनर पण होत्या.

नाओमींचा जन्म १९५७ चा. लहानपणीच वेलिंग्टनला शाळेत, मग तिथेच व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीत. वडील गेले आणि पदव्यांचा वाद सुरू झाला, तो लँड अँड टायटल्स कोर्टात गेला, आणि या मुलीला शिक्षण सोडून परत यावं लागलं. वडिलांकडे दोन मोठ्या पदव्या होत्या. माताआफा ही देशातल्या चार सर्वोच्च पदव्यांपैकी एक, ती दुसऱ्या शाखेला गेली. लोतोफांगा गावची फियामे ही पदवी मात्र त्यांना मिळाली, वय तेव्हा विशीत, अविवाहित मुलगी. आज वाचताना सोपं वाटतं पण विचार करा, समोर बसलेले सगळे काका-मामांच्या वयाचे पुरुष आणि त्यांच्यात ही विशीतली पोरगी कोर्टात पदवीवर हक्क सांगतेय. म्हणजे ज्या कोर्टावरून पुढे २०२० ला त्या सरकार सोडून बाहेर पडल्या त्याच कोर्टाच्या दारात त्यांचं सार्वजनिक आयुष्य सुरू झालं होतं.

१९८५ ला लोतोफांगा मतदारसंघातून खासदार. १९९१ ला शिक्षणमंत्री, देशाच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. शिक्षण खातं त्यांच्याकडे २००६ पर्यंत राहिलं, एवढा मोठा काळ एकच खातं, मग महिला व समाजविकास, मग २०११ पासून न्याय खातं, आणि २०१६ ला उपपंतप्रधान, ते पण पहिल्याच.

जुना_वाचक

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत पण थोडी दुसरी बाजू मांडतो, मृण्मयी यांचा प्रश्न बाजूला पडतोय असं वाटतंय.

१९९१ ते २०२०, म्हणजे २९ वर्षं फियामे मंत्री होत्या, आणि कुठल्या पक्षाच्या? ह्युमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी, एचआरपीपी. हा पक्ष १९८२ पासून मधला छोटा काळ सोडला तर सतत सत्तेवर होता. तुइलाएपा साइलेले मालिएलेंगाओई १९९८ ला पंतप्रधान झाले ते २०२१ पर्यंत, जगात त्या वेळी सगळ्यात जास्त काळ टिकलेल्या पंतप्रधानांपैकी एक. या काळात विरोधी पक्ष इतका बारीक झाला की शेवटी संसदेत अधिकृत विरोधी पक्ष म्हणावा असं काही उरलंच नव्हतं. २०१७ ला घटनेत बदल करून देश ख्रिश्चन राष्ट्र असल्याचं कलमात घातलं, तेव्हा फियामे उपपंतप्रधान होत्या. २०१९ ला गोवरची साथ आली, ८३ माणसं गेली, बहुतेक लहान लेकरं, लसीकरण किती खाली गेलं होतं ते तेव्हा जगाला कळलं, तेव्हाही त्या सरकारातच. मग इतकी वर्षं जी व्यवस्था एका माणसाच्या हातात जात होती तिच्यात बसून राहिल्याची जबाबदारी कुठे मांडायची?

मी त्यांच्या विरोधात नाही. २०२१ ला त्या उभ्या राहिल्या नसत्या तर काय झालं असतं हा विचार केला तरी भीती वाटते. पण माणसाची आख्खी कारकीर्द बघायची तर ही २९ वर्षं पण बघायला हवीत, फक्त तंबूतला फोटो नाही.

वकील_साताराकर

@जुना_वाचक, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. गोवराच्या साथीच्या बाबतीत तर त्या सरकारातल्या कुणालाच हात झटकता येणार नाहीत, हे मलाही मान्य.

पण २०२० ला त्या का बाहेर पडल्या हे नीट बघितलं तर त्यांच्याबद्दलचं चित्र स्पष्ट होतं. त्या वर्षी सरकारने तीन विधेयकं एकत्र आणली. त्यातला गाभा असा की लँड अँड टायटल्स कोर्ट, जे पदव्या आणि परंपरागत जमिनीचे वाद बघतं, ते सुप्रीम कोर्टाच्या वर्तुळातून पूर्ण बाहेर काढायचं, त्याची स्वतःची अपिलाची पायरी करायची, आणि त्याच्या निकालावर सुप्रीम कोर्टाला बोलायचा अधिकारच ठेवायचा नाही. सरकारचं म्हणणं की परंपरेचे प्रश्न परंपरेनेच सोडवायचे, इंग्रजी कायद्याने नाही. ऐकायला बरं वाटतं. पण समजा गावच्या सभेने तुम्हाला गावाबाहेर काढलं, किंवा पदवीच्या वादात तुमचं ऐकूनच घेतलं नाही, तर राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांसाठी तुम्ही जाणार कुठे? देशातली ८० टक्के जमीन आणि सगळ्या पदव्या ज्या कोर्टाच्या हातात, त्या कोर्टाला मूलभूत हक्कांची तपासणीच लागू नाही. आणि आधीच ऑकलंडकरांनी सांगितलंय की मताई असल्याशिवाय उमेदवारी नाही, म्हणजे पदवीचा निकाल हा शेवटी कोण खासदार होऊ शकतो याचाही निकाल.

न्यायाधीशांनी, वकील संघटनेने विरोध केला. फियामे पाच वर्षं न्यायमंत्री राहिलेल्या, त्यांना हे काय चाललंय ते कागद वाचायच्या आधीच कळलं असणार. सप्टेंबर २०२० ला त्यांनी उपपंतप्रधानपद सोडलं आणि पक्षही. डिसेंबरमध्ये विधेयकं पास झालीच. मार्च २०२१ ला त्या फास्ट पक्षाच्या नेत्या झाल्या, हा पक्ष लाआउली लेउआतेआ श्मिट यांनी काढलेला, ते पण एचआरपीपीतूनच बाहेर पडलेले.

म्हणून मृण्मयी यांच्या मूळ प्रश्नावर माझं मत : फियामेंनी मताई पद्धत मोडायला कधीच सांगितलं नाही, त्या तिच्यातूनच आल्या आणि तिच्यावर त्यांचा विश्वास आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की परंपरेच्या निर्णयावर सुद्धा कायद्याची नजर असली पाहिजे. त्यांना स्वतःला पदवी कोर्टाच्या दारातून मिळाली होती त्यामुळे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती असं मला वाटतं.

मृण्मयी_के

बापरे, किती छान लिहिताय सगळे, मनापासून थँक्यू. वाचता वाचता एकेक गाठ सुटतेय. @वकील_साताराकर, ते २०२१ चं प्रकरण पण क्रमाने सांगाल का? मला १० टक्के महिला आरक्षणाचा त्यात काय संबंध ते अजिबात कळलेलं नाही. महिलांसाठी केलेल्या कलमाचा वापर करून पहिल्या महिला पंतप्रधानाला अडवलं असं एका ठिकाणी वाचलं, हे खरंच असं झालं का?

वकील_साताराकर

हो, खरंच असं झालं.

९ एप्रिल २०२१ ला निवडणूक. एकूण जागा ५१. एचआरपीपी २५, फास्ट २५, आणि एक अपक्ष, तुआला इओसेफो पोनिफासिओ. वर्षभराच्याही नसलेल्या पक्षाने चाळीस वर्षांच्या पक्षाला बरोबरीत आणलं, आपियात लोकांना विश्वास बसत नव्हता. आता सगळ्यांचं लक्ष अपक्षाकडे. त्यांनी निर्णय सांगायच्या आदल्याच दिवशी निवडणूक कार्यालयाने जाहीर केलं की महिलांची अजून एक जागा भरली आहे, आणि ती बाई एचआरपीपीची.

घटनेत असं आहे की संसदेत किमान १० टक्के महिला असल्या पाहिजेत, कमी पडल्या तर हरलेल्यांपैकी सगळ्यात जास्त मतं घेणाऱ्या बाईला जास्तीची जागा देऊन आत घ्यायचं. निवडून आल्या होत्या ५. ५१ चे १० टक्के म्हणजे ५.१. मग ५ पुरे की ६ पाहिजेत? अपक्ष तुआला फास्टकडे गेले आणि या जास्तीच्या जागेमुळे हिशोब २६-२६ झाला. मग ४ मे ला राष्ट्रप्रमुख तुइमालेआलिइफानो यांनी निकालच रद्द करून नव्या निवडणुकीची तारीख दिली. फास्ट कोर्टात गेला. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने दोन्ही गोष्टी उडवल्या, ती जास्तीची जागाही आणि नवी निवडणूक पण. नंतर अपील कोर्टाने ६ हाच आकडा बरोबर ठरवला पण सांगितलं की तो हिशोब सगळ्या निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर करायचा, सरकार कुणाचं ते ठरायच्या आधी नाही. मला हा निकाल फार आवडतो कारण महिलांचा हक्क पण राहिला आणि त्याचा असा वापर पण थांबला.

आता घटनेत अजून एक कलम, निवडणुकीनंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे. ४५ वा दिवस २४ मे, सोमवार. राष्ट्रप्रमुखांनी आधी त्या दिवसाचं बोलावणं काढलं आणि शनिवारी रात्री ते स्थगित केलं. रविवारी, ज्या देशात रविवारी चर्चशिवाय काही हलत नाही तिथे सुप्रीम कोर्ट बसलं आणि स्थगिती बेकायदा ठरवली. सोमवारी सकाळी फियामे आपल्या खासदारांना घेऊन मुलिनुउला संसदेपाशी आल्या तर दाराला कुलूप. सरन्यायाधीश सातिउ सिमातिवा पेरेसे आपल्या न्यायाधीशांसोबत टोप-झग्यात चालत तिथे आले, त्यांनाही दार बंदच. संध्याकाळपर्यंत वाट बघून मग मैदानावरच्या तंबूत शपथविधी केला, कारण तो दिवस गेला असता तर ४५ दिवसांचं कलम मोडलं असतं.

त्यानंतर दोन महिने देशात दोन पंतप्रधान. तुइलाएपा ऑफिसात बसून, फियामे बाहेर. एक दगड पडला नाही, कुठे जाळपोळ नाही. २३ जुलैला अपील कोर्टाने सांगितलं की तंबूतला शपथविधी कायदेशीर होता आणि २४ मे पासून फास्टचंच सरकार आहे. दोन-तीन दिवसांनी तुइलाएपांनी हार मानली.

ऑकलंडकर

त्या दोन महिन्यांत इथलं वातावरण काय होतं ते सांगतो. आमच्या कँटीनमध्ये जेवायच्या सुट्टीत मोबाईलवर कोर्टाच्या बातम्या चालू असायच्या, लाल कपडे घातलेले फास्टवाले एका टेबलावर आणि निळे एचआरपीपीवाले दुसऱ्या टेबलावर, भांडण कडाक्याचं, पण जेवायच्या आधीची प्रार्थना मात्र दोन्ही टेबलं एकत्र करायची. एकाच आइंगातले लोक दोन्हीकडे होते, कारण पदवी एक असली तरी मतं वेगळी. अजून एक गोष्ट, फियामे त्या काळात कुठे ओरडून बोलताना दिसल्या नाहीत. तुइलाएपा रोज काहीतरी बोलायचे, आपली नेमणूक देवानेच केलीय वगैरे पण, आणि या शांतपणे कोर्टाची पुढची तारीख सांगायच्या. मोठी उंची, सावकाश चाल, खोल आवाज. माझ्या त्या सुपरवायझरचं म्हणणं होतं की ही मताईची रीत आहे, आलिई स्वतः भांडत नाही.

पंतप्रधान झाल्यावरचं थोडक्यात. तुइलाएपांनी चीनच्या मदतीने वाइउसु खाडीत सुमारे १० कोटी अमेरिकन डॉलरचं बंदर ठरवलं होतं, ते फियामेंनी रद्द केलं, एवढ्याशा देशावर आधीच चीनचं इतकं कर्ज असताना अजून नको म्हणून. चीनशी संबंध तोडले नाहीत, फक्त बंदर नको म्हणाल्या. प्रत्येक मतदारसंघाला १० लाख ताला (तिथलं चलन) विकासासाठी द्यायची योजना आणली, त्यातून शाळेची दुरुस्ती, रस्ते, पाणी असं काय हवं ते गावांनी ठरवायचं. हवामान बदलाच्या परिषदांत छोट्या बेटांच्या देशांच्या गटाचं अध्यक्षपद सामोआकडे होतं तेव्हा त्यांचा आवाज बराच ऐकला गेला. आणि ऑक्टोबर २०२४ ला राष्ट्रकुलाच्या प्रमुखांची परिषद आपियात झाली, राजे चार्ल्स आले होते, आपल्याकडून किरेन रिजिजू गेले होते.

निशिगंध

मी या विषयात नवीनच आहे, पण वाचून एक प्रश्न पडला. एवढं सगळं करून २०२५ ला त्या हरल्या कशा? आणि पक्ष फोडला कुणी?

जुना_वाचक

@निशिगंध, पक्ष आतूनच फुटला. लाआउली, ज्यांनी फास्ट काढला, त्यांच्यावर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. फियामेंनी त्यांना पद सोडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला, तेव्हा जानेवारी २०२५ ला मंत्रिमंडळातून काढलं. पक्षाची यंत्रणा लाआउलींच्या बाजूची, त्यांनी उलट फियामेंनाच पक्षातून काढून टाकलं. त्यांच्याकडे थोडेसे मंत्री आणि खासदार उरले. दोन अविश्वास ठराव तरीही त्या टिकून गेल्या कारण विरोधातले दोन्ही गट एकत्र येत नव्हते. पण मे महिन्यात बजेट आलं तेव्हा एकत्र आले, बजेट ३४ विरुद्ध १६ ने पडलं. ज्याचं बजेट पडतं त्याने राहायचं नाही, हे समजून त्यांनी लगेच संसद बरखास्त करायची शिफारस केली आणि २९ ऑगस्टला निवडणूक झाली. त्यांच्या नव्या पक्षाला, सामोआ युनायटिंग पार्टीला, ३ जागा मिळाल्या. फास्ट मोठ्या बहुमताने आला आणि लाआउली पंतप्रधान झाले. तुइलाएपांचा एचआरपीपी दुसऱ्या नंबरवर.

माझा आक्षेप इथेही आहे आणि तो मांडतोच. पक्ष दुसऱ्याने बांधलेला, गावोगावी फिरून माणसं जोडली ती लाआउलींनी, आणि फियामेंनी चार वर्षांत स्वतःची संघटना उभी केली नाही. पदवीचा मान आणि न्यायाची बाजू एवढ्यावर निवडणूक जिंकता येत नाही. मात्र गुन्हा दाखल झालेल्या मंत्र्याला काढलं म्हणून सत्ता गेली यात त्यांची चूक मी म्हणणार नाही. तसं केलं नसतं तर २०२० ला त्या ज्यासाठी बाहेर पडल्या त्याला अर्थ राहिला नसता. लोकांना महागाई आणि सतत जाणारी वीज दिसत होती, त्या वर्षी तर विजेची आणीबाणी जाहीर करावी लागली होती, त्याचाही फटका बसला.

मृण्मयी_के

खूप स्पष्ट झालं आता. सुरुवातीला मी जुनी व्यवस्था एका बाजूला आणि लोकशाही दुसऱ्या बाजूला असं धरून चालले होते, तुमचं वाचून वाटतंय की तिथला खरा झगडा पदवीच्या आतच आहे, पदवी कशी मिळते, कुणाला मिळते, आणि तिच्या निर्णयावर दाद मागता येते की नाही. बायकांचा प्रश्न मात्र मला अजून टोचतोय. फियामे घराण्यामुळे आणि कोर्टामुळे आत आल्या. ज्या बाईच्या गावात बाईला पदवीच देत नाहीत तिने काय करायचं? तिचा मोनोतांगा कुणी मोजणार?

ऑकलंडकर

ताई, हा प्रश्न तिथल्या बायकाच विचारतायत आणि जोरात विचारतायत. गावात बायकांच्या स्वतःच्या समित्या असतात, दवाखाना, पाणी, स्वच्छता, चटया विणणं हे सगळं त्यांच्याकडे, आणि मुलींना सामोअन घरात मान मोठा असतो, बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नाही अशी रीत आहे. पण समितीतलं काम सभेत मोजलं जात नाही तिथेच गाडी अडते. इथे ऑकलंडमध्ये आमच्या ओळखीच्या एका नर्सबाईंना मागच्या वर्षी त्यांच्या आईच्या गावाने पदवी दिली, आधीच्या पिढीत त्या गावात एकही बाई मताई नव्हती. कुटुंबाच्या बैठकीत एक म्हातारे काका अडून बसले होते, त्यांना समजावताना घरच्यांनी लोतोफांगाचं उदाहरण दिलं असं त्या सांगत होत्या. त्यांना निवडणूक वगैरे लढवायची नाहीये, पण आता वर्षातून दोनदा गावी जातात आणि सभेला बसतात.

तुम्ही अजून वाचणार असाल तर १९९० च्या सार्वमताबद्दल वाचा, तेव्हा विरोधात मतं पण भरपूर पडली होती आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आजही तेच चालू आहेत.

वकील_साताराकर

आणि अपील कोर्टाचा २३ जुलै २०२१ चा निकाल नक्की वाचा मृण्मयी, भाषा सोपी आहे, वकील नसलं तरी समजतो. त्यात गरजेचा सिद्धांत, म्हणजे नाइलाज असेल तर नेहमीच्या रीतीबाहेरची कृतीही कायदेशीर धरायची हे तत्त्व, कसा लावलाय ते बघण्यासारखं आहे. काही अडलं तर इथेच विचारा, मी येऊन जाऊन असतो.